पळाला की पळून गेला?

धावण्यासाठी इंग्रजीत शब्दांचा नुसता पूर आहे. पण ते शब्द खरोखरच एकमेकांचे समानार्थी असतात का? आणि नसतील, तर आपलं काय बिघडतं? एका निवृत्त इंग्रजी शिक्षकानं नभोवाणीवर केलेल्या भाषणाचा हा संपादित भाग.

आमच्या शेजारी सातवीत शिकणारी एक मुलगी राहते. मी शाळेत इंग्रजी शिकवायचो, हे तिला ठाऊक आहे. त्यामुळे कुठं अडलं की ती वही घेऊन येते. परवा अशीच आली. गृहपाठ होता : ‘रन’ या शब्दाचे दहा समानार्थी शब्द लिहा आणि त्यांचा वाक्यात उपयोग करा. तिनं मोबाइलवरून दहा शब्द उतरवून घेतले होते, वाक्यंही करून झाली होती. मला फक्त नजर टाकायची होती. तिसऱ्या वाक्याशी मी थबकलो. तिनं लिहिलं होतं, माझे आजोबा रोज सकाळी देवळाकडे ‘स्कटल’ करतात.

मी विचारलं, ‘‘स्कटल म्हणजे काय गं?’’

‘‘धावणे.’’

‘‘कोण धावतं तसं?’’

‘‘कुणीही! सगळे समानार्थी आहेत ना, आजोबा.’’

आता स्कटल करतो तो खेकडा. किंवा रात्री स्वयंपाकघरात दिवा लावला की मोरीकडे पळणारं झुरळ. अंग जमिनीसरसं, पावलं बारीक बारीक आणि जीव आडोशाकडे, अशी ती धाव. आणि या मुलीचे आजोबा म्हणजे पावणेसहा फूट उंचीचे निवृत्त फौजदार. ते देवळात निघाले की रस्ता त्यांना वाट करून देतो! मला हसू आलं. मग मी तिला विचारलं, ‘‘सगळ्यांचा अर्थ एकच असेल, तर इंग्रजांनी दहा शब्द केले कशाला?’’ ती विचारात पडली. म्हणाली, ‘‘परीक्षेत विचारायला?’’

आजचं माझं बोलणं म्हणजे तिच्या या उत्तराला दिलेलं थोडं लांबलेलं उत्तर आहे.

समानार्थी शब्दांच्या याद्यांचा विषय निघाला की पीटर मार्क रोजे या गृहस्थांचं नाव घ्यावंच लागतं. हे पेशानं डॉक्टर. १७७९ साली लंडनमध्ये जन्मले. स्वतःच्या लिखाणाला उपयोग व्हावा म्हणून त्यांनी १८०५ च्या सुमारास शब्दांची एक वही केली. तिच्यात शब्द अकारविल्हे नव्हते, अर्थानुसार एकत्र बसवलेले होते. पुढे आयुष्यभर इतर उद्योग करून झाल्यावर, वयाच्या ७३ व्या वर्षी, म्हणजे १८५२ साली, त्यांनी ती वही वाढवून छापली. तोच प्रसिद्ध ‘थिसॉरस’. थिसॉरस म्हणजे खजिना. गंमत अशी की, वेगाचं कोडं या डॉक्टरांना शब्दांच्या बाहेरही पडलेलं होतं. उभ्या फटींमधून धावतं चाक पाहिलं, तर त्याचे आरे वाकलेले का दिसतात, यावर त्यांनी १८२४ साली एक निबंध वाचला होता. वेग माणसाच्या डोळ्याला फसवतो, हे त्यांना माहीत होतं. वेगाचे शब्दही फसवतात, हे मात्र आपण त्यांचा ग्रंथ नीट न वापरल्यामुळे विसरलो. हे सारे शब्द एकाच अर्थाचे आहेत, असं सांगायला त्यांनी तो खजिना मांडला नव्हता. आपल्या मनातल्या कल्पनेला नेमका बसणारा एक शब्द त्यातून निवडावा, असा त्यांचा हेतू होता. आपण निवडायचं सोडून पाठ करायला बसलो.

खजिना आहे मात्र दांडगा. नुसत्या ‘रन’चंच पाहा. ऑक्सफर्डच्या थोरल्या शब्दकोशाच्या नव्या आवृत्तीसाठी संपादकांनी या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवले, असं २०११ साली जाहीर झालं. ते काम करणाऱ्या पीटर गिलिव्हर या कोशकाराचे त्यात नऊ महिने गेले. १९२८ च्या आवृत्तीत हा लांबीचा मान ‘सेट’ या शब्दाकडे होता, तो आता ‘रन’कडे आला. इंग्रजीत नाक ‘रन’ होतं, आपलं वाहतं. त्यांचं दुकान ‘रन’ होतं, आपलं चालतं. धुण्यात त्यांचा रंग ‘रन’ होतो, आपला जातो. अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीत ‘रन’ होतो, म्हणजे धावतो. इंग्लंडातला मात्र ‘स्टँड’, म्हणजे उभा राहतो. आणि आपलाही उभाच राहतो! निवडून आल्यावर तो बसतो, ही गोष्ट वेगळी.

पण ‘रन’ला स्वतःचा चेहरा नाही. पाय भरभर उचलले, एवढंच तो सांगतो. चेहरा असतो तो त्याच्या भावंडांना. त्यातल्या काहींची ओळख करून देतो.

‘डार्ट’ करते ती पाल. इतका वेळ भिंतीला चिकटून बसलेली असते आणि पापणी लवते न लवते तोच दुसरीकडे असते. यात अंतर थोडं आणि झटका मोठा. ‘स्करी’ करतात उंदीर, आणि साहेब येण्याच्या बातमीनं कचेरीत इकडून तिकडे पळणारे कारकून. यात लगबग आहे, धांदल आहे आणि थोडी भीतीही आहे. ‘स्कॅम्पर’ करतात कुत्र्याची पिल्लं, खारी आणि मधल्या सुट्टीची घंटा झाल्यावर वर्गाबाहेर पडणारी मुलं. यात हलकेपणा आहे, मजा आहे. ‘डॅश’ करतो तो माणूस ज्याची गाडी सुटायला एक मिनिट उरलंय. छोटं अंतर, पक्कं ठिकाण आणि घड्याळावर डोळा. ‘स्प्रिंट’मध्ये माणूस सगळी ताकद जाणूनबुजून पणाला लावतो. ‘हर्टल’ होतो तो ब्रेक निकामी झालेला ट्रक. तिथं वेग आहे, पण ताबा नाही. आणि ‘फ्ली’ करतो तो ज्याच्या मागे संकट आहे. युद्धातून, दुष्काळातून, जुलमातून माणसं ‘फ्ली’ करतात. इथं पाय किती जोरात पडतात याला महत्त्व नाही. म्हातारी माणसं, कडेवर पोर घेतलेल्या बाया रखडत रखडत सरहद्द ओलांडतात, तरी इंग्रजीत ती ‘फ्ली’च करतात. या शब्दाचं सगळं लक्ष आपण काय सोडून निघालो, याकडे असतं.

म्हणजे बघा, दहा शब्दांत वेग साधारण तेवढाच. बदलतं ते काय? धावणारा कोण आहे, कशासाठी धावतो आहे, घाबरला आहे की आनंदात आहे, त्याचा स्वतःवर ताबा आहे की नाही आणि बघणाऱ्याचं त्याच्याविषयी मत काय आहे. इंग्रजी क्रियापद हे सगळं एका घासात सांगून टाकतं. म्हणून ते वापरताना जपावं लागतं.

हे शब्द आले कुठून, हेही पाहण्यासारखं आहे. आपण म्हणतो, तो बाणासारखा सुटला, सशासारखा पळाला. इंग्रजीनं यातला ‘सारखा’च गाळून टाकला आणि वस्तूचंच क्रियापद केलं. ‘डार्ट’ म्हणजे हातानं फेकायचा छोटा भाला. ‘बोल्ट’ म्हणजे मूळचा आखूड, जाड बाण. ‘हेअर’ म्हणजे ससा. तिन्ही नामं, तिन्ही आता धावतात! ‘डॅश’चा जुना अर्थ आपटणे, तडाखा देणे. ‘पेल्ट’ म्हणजे दगडांचा मारा करणे आणि सुसाट पळणेही. वेगाचे कितीतरी इंग्रजी शब्द असे फेकाफेकीतून आणि मारामारीतून आलेले आहेत. ‘स्कॅम्पर’ तर थेट रणांगणातला. लॅटिनमध्ये ‘कॅम्पस’ म्हणजे मैदान. ते सोडून जो बाहेर पडला, म्हणजे ज्यानं रणातून पाय काढला, त्याच्यापासून हा शब्द निघाला. पळपुट्या शिपायाचा शब्द आज खारीच्या वाट्याला आला आहे, आणि तिला तो शोभतोही.

सगळेच शब्द मारामारीतले नाहीत. घोड्याच्या चालींमध्ये दुडकी आणि चौखूर यांच्या मधली एक सुखाची चाल असते. तिला इंग्रजीत ‘कँटर’ म्हणतात. इंग्लंडातल्या कँटरबरीच्या प्रार्थनामंदिरात ११७० साली थॉमस बेकेट या धर्मगुरूची हत्या झाली. पुढे ते मोठं तीर्थक्षेत्र झालं. तिकडे जाणारे यात्रेकरू घोड्यावरून ज्या बेताच्या वेगानं जात, ती कँटरबरीची चाल. पुढे लोकांनी ‘बरी’ टाकून दिलं आणि ‘कँटर’ ठेवलं. देवाला जाण्याची गती अशी असावी : फार घाई नाही, पण रेंगाळणंही नाही. त्या मुलीच्या फौजदार आजोबांना देवळाकडे पाठवायचंच असेल, तर ‘स्कटल’पेक्षा ‘कँटर’ कितीतरी बरा!

‘फास्ट’ हा शब्द तर आपण रोज वापरतो. मुंबईकराचं निम्मं आयुष्य फास्ट आणि स्लो यांत विभागलेलं असतं. पण हा शब्द मुळात अगदी उलटा होता. जुन्या इंग्रजीत ‘फास्ट’ म्हणजे घट्ट, पक्का, जागचा न हलणारा. आजही न जाणारा रंग ‘फास्ट’ असतो आणि गाढ झोपलेला माणूस ‘फास्ट’ झोपलेला असतो. उपवासाला ‘फास्ट’ म्हणतात तेही यातूनच, नियम घट्ट धरून ठेवणं या अर्थानं. मग घट्टचा जलद कसा झाला? घट्ट म्हणजे ताकदीनं, ताकदीनं धावणं म्हणजे जोरात धावणं आणि जोरात धावणं म्हणजे वेगानं धावणं. आपणही तसंच करतो की! जोर म्हणजे ताकद, पण ‘जोरात पळ’ म्हणजे लवकर पळ. दोन भाषा न भेटता एकाच वाटेनं गेल्या.

‘क्विक’ची गोष्ट मला सर्वांत आवडते. ‘क्विक’ म्हणजे मुळात जिवंत. पाऱ्याला ‘क्विकसिल्व्हर’ म्हणतात, म्हणजे जिवंत चांदी. नखाखालच्या हुळहुळ्या मांसालाही ‘क्विक’ म्हणतात. एखादं बोलणं तिथपर्यंत कापत गेलं असं इंग्रज म्हणतो, तेव्हा आपण म्हणतो, जिव्हारी लागलं. आणि भाषाशास्त्र सांगतं की इंग्रजी ‘क्विक’ आणि संस्कृत ‘जीव’ हे एकाच प्राचीन धातूपासून निघालेले सख्खे भाऊ आहेत. जो हलतो, तो जिवंत. जो जिवंत, तो चपळ. आपण ‘जीव घेऊन पळाला’ म्हणतो, तेव्हा नकळत त्या दोघा भावांची भेटच घडवून आणतो.

‘स्पीड’चा जुना अर्थ होता यश, भरभराट. घाई जास्त तर स्पीड कमी, अशी एक इंग्रजी म्हण आहे. आजच्या अर्थानं ती चमत्कारिक वाटते. पण तिथं ‘स्पीड’ म्हणजे यश असं धरलं की सगळं सरळ होतं. आपल्या घाटातल्या पाट्याही वेगळं काय सांगतात? अति घाई, संकटात नेई.

आणि पालकांसाठी एक शब्द मुद्दाम राखून ठेवला आहे. ‘करिअर’. हा शब्द फ्रेंचमधून आला, तिथं त्याचा अर्थ शर्यतीचं मैदान, घोडा दौडवायची वाट. इंग्रजीत तो क्रियापद म्हणूनही आहे आणि त्याचा अर्थ आहे ताबा सुटून बेफाम धावत सुटणे. वळणावर बस रस्ता सोडून खाली गेली, तर ती ‘करिअर’ झाली असं इंग्रजी बातमीत येऊ शकतं. अभ्यासक्रमाला ‘करिक्युलम’ म्हणतात. त्याचा लॅटिन अर्थही धाव, शर्यत असाच. मुलं बालवर्गापासून का धावत आहेत, याचं उत्तर कदाचित या दोन शब्दांत असेल.

आता कुणी विचारेल, मग आपली मराठी यात गरीब का? मुळीच नाही. आपली संपत्ती वेगळ्या फडताळात ठेवलेली आहे, इतकंच. लेनर्ड टाल्मी या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं जगातल्या भाषांचा या दृष्टीनं अभ्यास केला. काही भाषा चालण्याची तऱ्हा क्रियापदात भरतात आणि दिशा छोट्या शब्दांवर सोडतात. इंग्रजी त्यातली. काही भाषा दिशा क्रियापदात ठेवतात आणि तऱ्हा बाहेरून जोडतात. आपलं बोलणं बहुतेक असंच चालतं. इंग्रज म्हणतो, ती खोलीत ‘रन’ झाली. आपण म्हणतो, ती धावत खोलीत आली. आपलं मुख्य क्रियापद ‘आली’. ‘धावत’ हा तिचा दागिना. शिवाय ‘आली’ म्हटल्याबरोबर बोलणारा खोलीत आहे हे कळलं. ‘गेली’ म्हटलं असतं तर तो बाहेर. इंग्रजी वाक्यात बोलणाऱ्याचा पत्ताच नाही!

आणि दागिने तरी किती! मूल दुडुदुडु धावतं, कोंबडी तुरुतुरु पळते, रागावलेला माणूस तरातरा निघून जातो, घरी पाहुणे आले की गृहिणी लगबगीनं आत जाते, कामाचा माणूस झपझप चालतो, घोडा चौखूर उधळतो. पळून जाण्याच्याही किती तऱ्हा! धूम ठोकली, पळ काढला, काढता पाय घेतला, पायाला पाय लावून पळाला, पोबारा केला. हा पोबारा मूळचा सोंगट्यांच्या डावातला, फाशांच्या दानातून आलेला. दान पडलं आणि गडी निघाला!

त्याहून मोठी करामत आपण करतो ती साध्या जोड क्रियापदांनी. पळाला. पळत गेला. पळत सुटला. पळून गेला. धातू एकच, पण चार माणसं वेगळी. ‘पळाला’ म्हणजे पाय उचलले. ‘पळत गेला’ म्हणजे कुठंतरी पोचायचं होतं. ‘पळत सुटला’ म्हणजे स्वतःला आवरलं नाही. ‘पळून गेला’ म्हणजे काहीतरी टाकून गेला. इंग्रजीला यासाठी चार निराळे शब्द लागतील. मराठी माणूस इंग्रजीत लिहितो तेव्हा घोटाळा होतो तो नेमका इथं. हा घोटाळा नेहमीच हसण्यावारी नेण्यासारखा नसतो.

एक उदाहरण वर्तमानपत्रातलं. गर्दीत माणसं चिरडून मरण पावली की इंग्रजी बातमीत बहुधा ‘स्टँपीड’ हा शब्द येतो. हा शब्द अमेरिकेत मेक्सिकोच्या स्पॅनिशमधून आला. बिथरलेला गुरांचा कळप एकदम उधळतो, त्याला तो शब्द. म्हणजे बातमी वाचताच आपल्या मनात चित्र उभं राहतं, की माणसं वेडीपिशी होऊन धावली आणि त्यांनी एकमेकांना तुडवलं. गर्दीचा अभ्यास करणारे तज्ज्ञ या शब्दाला हरकत घेतात. ते म्हणतात, अशा बहुतेक दुर्घटनांमध्ये माणसं धावत नसतात. त्यांना हलायलाच जागा नसते. दाटीचा दाब एवढा वाढतो की उभ्या उभ्या श्वास कोंडतो. २९ सप्टेंबर २०१७ ची सकाळ आठवा. तेव्हाचं एल्फिन्स्टन रोड, आताचं प्रभादेवी स्थानक. पाऊस आला म्हणून अरुंद पुलावर माणसं थांबली, मागून आणखी येत राहिली आणि वीसहून अधिक जीव गेले. तिथं उधळायला जागा होती कुठं? तरी इंग्रजीत ‘स्टँपीड’च छापून आलं. मराठी वर्तमानपत्रांनी लिहिलं, चेंगराचेंगरी. श्रोतेहो, हा शब्द किती प्रामाणिक आहे पाहा. तो माणसांवर धावल्याचा आरोप करत नाही. त्यांचं काय झालं, ते सांगतो. ‘स्टँपीड’ म्हटलं की दोष गर्दीचा. ‘चेंगराचेंगरी’ म्हटलं की प्रश्न पडतो : पूल एवढा अरुंद का होता?

इंग्लंडातही हेच घडलं. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर फुटबॉलच्या सामन्याला आलेली माणसं कठड्यांमागे चिरडली गेली. मृतांची संख्या आज ९७ धरली जाते. त्या दिवशी पोलिसांकडून पहिल्यांदा सांगितलं गेलं, की प्रेक्षकांनी जबरदस्तीनं फाटक उघडून आत मुसंडी मारली. खरं म्हणजे ते फाटक पोलिसांच्याच हुकमानं उघडलं होतं. प्रेक्षक घुसले नव्हते, त्यांना आत सोडलं होतं. हे क्रियापद दुरुस्त करून घ्यायला मृतांच्या घरच्यांना सत्तावीस वर्षं लढावं लागलं. २०१६ साली चौकशीच्या पंचांनी निकाल दिला, की हे मृत्यू बेकायदा कृत्यानं झाले आणि त्यात प्रेक्षकांच्या वागण्याचा दोष नव्हता.

हे मी दुसऱ्यांविषयी बोललो. आता माझ्या हातून घडलेलं सांगतो.

नोकरीची सुरुवातीची वर्षं होती ती. एका तालुक्याच्या गावी मी इंग्रजी शिकवत होतो आणि गावात इंग्रजी जाणणारा म्हणून थोडा मान होता. जवळच्या एका कारखान्याच्या गुदामाला रात्री आग लागली. जीवितहानी झाली नाही, माल मात्र बराच जळाला. कामगारांचे जबाब मराठीत घेतले होते आणि कारखान्याच्या मुख्य कचेरीला ते इंग्रजीत हवे होते. काम माझ्याकडे आलं. रात्रपाळीच्या पहारेकऱ्यानं सांगितलं होतं, ‘धूर दिसला तसा मी फाटकाकडे पळालो.’ जबाबात ‘पळालो’, ‘पळत गेलो’ असं तीन-चार वेळा आलं होतं. मी दोनदा ‘रन’ वापरला. तिसऱ्यांदा तोच शब्द लिहायला हात धजेना. एका परिच्छेदात एक शब्द पुन्हा पुन्हा येणं म्हणजे शब्दसंपत्तीचं दारिद्र्य, असं मला शिकवलं होतं आणि मीही मुलांना तेच शिकवत होतो. मी ‘फ्ली’ या क्रियापदाचं भूतकाळाचं रूप झोकात लिहून टाकलं. वाक्य वजनदार झालं, असं वाटलं. मोबदल्याचे पैसे घेतले आणि विसरलो.

महिन्याभरानं तो पहारेकरी माझ्या दारात उभा राहिला. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस. चपला बाहेर काढून ओट्यावर टेकला. त्याला कामावरून दूर केलं होतं. आग लागल्यावर जागा सोडून पळून गेला, असा ठपका होता. त्यानं माझ्यावर आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाला, ‘‘मास्तर, मी पळालो हे खरं. पण पळून नाही गेलो हो. टेलिफोन फाटकावरच्या चौकीत होता.’’

मी खोलीत जाऊन माझी कच्ची प्रत काढली. टेलिफोनचं वाक्य पुढे चार ओळींवर होतं. पण वाचणाऱ्यानं त्याआधीच मत बनवलं असणार. ज्यानं ‘फ्ली’ केलं तो कर्तव्य टाकून गेला, हे तो शब्दच सांगत होता. चूक वाचणाऱ्याची नव्हती, माझी होती. त्याच रात्री मी मुख्य कचेरीला सविस्तर पत्र लिहिलं, मूळ मराठी वाक्य त्यात उतरवून दिलं आणि भाषांतर माझ्याकडून चुकल्याचं कबूल केलं. पुढे त्याला पुन्हा कामावर घेतलं. मधल्या दोन महिन्यांचा पगार मात्र मिळाला नाही. माझ्या एका समानार्थी शब्दाची किंमत त्याच्या घरानं मोजली. मी पैसे देऊ केले, ते त्यानं घेतले नाहीत. जाताना म्हणाला, ‘‘पोरांना नीट शिकवा म्हंजे झालं.’’

त्या दिवसापासून मी वर्गात समानार्थी शब्दांची यादी पाठ करायला देणं बंद केलं. यादी फळ्यावर लिहायचो, पण प्रत्येक शब्दासमोर विचारायचो : कोण धावतंय? कशाकडे? की कशापासून? बघणारा कोण आहे? मुलं वर्गात अभिनय करून दाखवायची. उंदीर व्हायची, घोडा व्हायची, गाडी चुकलेला मास्तर व्हायची. गोंधळ व्हायचा, शेजारच्या वर्गातून तक्रार यायची. पण ‘डार्ट’ आणि ‘डॅश’ यांतला फरक त्यांना पुन्हा सांगावा लागला नाही.

आणि आणखी एक गोष्ट सांगायचो, तीच आज तुम्हालाही सांगतो. नेमका शब्द खात्रीनं ठाऊक नसेल, तर ‘रन’ लिहा. दोनदा लिहा, चारदा लिहा. साधा शब्द पुन्हा आला म्हणून कुणाचं नुकसान होत नाही. भारी शब्द चुकीच्या जागी बसला तर होतं.

शेजारच्या मुलीनं तिसरं वाक्य खोडलं. बराच वेळ पेन्सिल चावत बसली. मग मला म्हणाली, ‘‘आजोबा, खरं सांगू? आमचे आजोबा देवळात धावत जातच नाहीत. चालत जातात.’’

मी म्हटलं, ‘‘मग तसंच लिही.’’